प्रेसिडेंटच्या डिकीवर नाव कोणतं लावू? (आणि बिल्ला बदललेल्या इटालियन-अमेरिकन गाड्यांबद्दल तुमचं मत)

जुनी_मोटार (पुणे)

नमस्कार मंडळी,

धाग्याचं निमित्त घरचंच आहे. आजोबांनी १९७३ साली घेतलेली प्रीमियर प्रेसिडेंट साताऱ्याच्या घरी पडवीत वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीनंतर ती चालती करायला घेतली. इंजिन उतरवलं, खालचा पत्रा बदलला, परवा रंगही झाला. आता डिकीवर नाव लावायचं आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. मूळ अक्षरं केव्हाच गळून गेली, पत्र्याला फक्त भोकं उरलीत. (रंगाऱ्याला ती बुजवू नको म्हणून दोनदा बजावून ठेवलं होतं.) वडील म्हणतात, 'फियाट' लाव, या घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. काका म्हणतात, आरसी बुकात 'प्रीमियर' आहे, तेच लागलं पाहिजे.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. फियाटची ११०० डी आपल्याकडे १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. १९७२ मध्ये फियाटचं नाव उतरलं आणि तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ मध्ये पुन्हा बारसं होऊन 'पद्मिनी' झाली. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर तोच स्टिअरिंगच्या दांड्यावरचा. आजही जुन्या पार्टवाल्याकडे जाऊन 'फियाटचा वॉटर पंप द्या' म्हटलं की तो साल विचारतो, नाव विचारत नाही.

या गाडीमुळे गेले काही महिने मी बिल्ला बदललेल्या गाड्यांवर जे मिळेल ते वाचतो आहे. फियाटने २००९ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर येणाऱ्या क्रायस्लरमध्ये २० टक्के हिस्सा घेतला, २०१४ च्या जानेवारीत ती पूर्ण ताब्यात घेतली. त्या काळात इकडच्या गाड्या तिकडे आणि तिकडच्या इकडे नाव बदलून फिरल्या. क्रायस्लर ३०० युरोपात लान्चा थीमा झाली, डॉज जर्नी फियाट फ्रीमाँट झाली, आणि ब्रिटनमध्ये उलट लान्चा डेल्टा आणि इप्सिलॉन क्रायस्लरच्या नावाने विकल्या गेल्या. २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्यूजो-सित्रोएनवाले एक होऊन स्टेलांटिस स्थापन झाली. त्यानंतर आली डॉज हॉर्नेट, म्हणजे अल्फा रोमिओ तोनाले.

गाडीप्रेमींमध्ये या गाड्यांवर फार राग आहे. मला तो राग समजतो, पण पद्मिनीवर जीव लावणाऱ्या माणसाला तो सरसकट पटत नाही. बिल्ल्यामागे नवीन काम किती झालं, यावर माझं मत ठरतं. तुमचं काय मत? आणि मी डिकीवर काय लावू?

पडवी_ओसरी (सातारा)

वाचतोय. फोटो टाका, विशेषतः पुढच्या जाळीचा.

तोरिनोकर (तोरिनो, इटली)

धागा आवडला. मी बारा वर्षं तोरिनोत आहे आणि राहतो बोर्गो सान पाओलो भागात. १९०६ साली विन्चेन्झो लान्चाने याच शहरात कंपनी काढली. तिचा जुना कारखाना आमच्याच भागातला, रस्त्यावर आडवी पसरलेली लान्चाची उंच इमारत अजून उभी आहे. माझ्याकडे २०१२ ची थीमा आहे, सेकंडहँड घेतलेली. तेव्हा मी हे आतून सांगतो आहे.

गाडी म्हणून ती मला मनापासून आवडते. लांबच्या प्रवासात तिच्यासारखा आराम माझ्या आधीच्या एकाही गाडीत नव्हता. तिचं तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन व्हीएम मोतोरीचं, म्हणजे फेर्रारा जिल्ह्यातल्या चेंतो गावचं. ते इंजिन इटलीतून कॅनडात ब्रॅम्प्टनला जायचं, तिथे क्रायस्लर ३०० च्या अंगात बसायचं आणि लान्चाचा बिल्ला छातीवर लावून परत इटलीत यायचं. एवढा प्रवास मी स्वतः वर्षातून एकदाही करत नाही.

तरी एक प्रसंग सांगतो. पहिल्या हिवाळ्यात रात्रभर आतला दिवा चालू राहिला आणि सकाळी बॅटरी उतरलेली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. या माणसाचे हात आयुष्यभर लान्चाच्या इंजिनांत बुडालेले. बॉनेट उघडून तो बॅटरी शोधत राहिला. ३०० ची बॅटरी डिकीत, तळाच्या झाकणाखाली असते. मी दाखवली. त्याने तारा जोडल्या, गाडी सुरू करून दिली, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "मशीन चांगलं आहे. पण हे आमचं नाही." पैसे घेताना बिल्ल्याकडे बघितलंही नाही त्याने.

त्याचं दुखणं कळायला आधीची थीमा माहीत हवी. १९८४ ची थीमा, साब ९०००, फियाट क्रोमा आणि अल्फा १६४ या चौघींचा पाया एक होता, पण चौघी रस्त्यावर वेगळ्या ओळखू यायच्या. थीमाच्या ८.३२ मध्ये तर फेरारीचं व्ही-एट इंजिन होतं, चार दरवाजांच्या शांत गाडीत. ज्याने ते इंजिन उघडून पाहिलंय त्याला २०११ च्या थीमाचं मोठं चौकोनी नाक आपलं कसं वाटणार?

ग्रेट_लेक्स (मिशिगन)

तोरिनोकर, तुमचा मेकॅनिक डोळ्यांपुढे उभा राहिला.

मी दुसऱ्या टोकाहून लिहिते. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते, कामावर जाताना स्टर्लिंग हाइट्सवरून जाते. तिथल्या कारखान्यात क्रायस्लर २०० बनायची. तिचीच उघड्या टपाची आवृत्ती युरोपात 'लान्चा फ्लाविया' म्हणून गेली. सगळ्या रिबॅज (बिल्ला बदललेल्या) गाड्यांत मला हीच सगळ्यात जास्त खटकते. १९६० ची मूळ फ्लाविया म्हणजे पुढची चाकं ओढणारी, ॲल्युमिनियमचं आडवं बॉक्सर इंजिन असलेली, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी. त्या काळात इटलीत असं कुणी करत नव्हतं. त्या नावाखाली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची २.४ लिटरची अमेरिकन कन्व्हर्टिबल विकायची, तीही युरोपात, जिथे तेव्हा लोक डिझेल मागत होते. जुनी_मोटार म्हणतात तसं बिल्ल्यामागचं काम शोधायचं, तर इथे जवळजवळ काहीच सापडत नाही. नाव तेवढं कपाटातून काढलं.

हॉर्नेटचं मात्र मी जरा वेगळं बघते. ती आली तेव्हा खास बघायला गेले होते. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असतो. १९९२ च्या कायद्याने त्यावर गाडीची अंतिम जोडणी कुठे झाली आणि अमेरिका-कॅनडाचे पार्ट किती टक्के, हे छापावंच लागतं. हॉर्नेटच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं: पोमिल्यानो दार्को, इटली. म्हणजे नेपल्सजवळचा तोच कारखाना, जिथे तोनाले बनते. दार उघडून बसले तर इंजिन सुरू करायचं बटण स्टिअरिंगवर, अल्फासारखं. बॉनेटवर डॉजची दोन नाकपुडीसारखी भोकं, मागे डॉजचे दिवे. विक्रेत्याने काही लपवलं नाही. उलट 'ही इटालियन आहे' हे तो कौतुकाने सांगत होता.

जे कागदावर छापलंय ते ग्राहकाने वाचलं नाही तर ती फसवणूक नव्हे. माझा आक्षेप फक्त नावाला आहे. हॉर्नेट हे नाव १९५१ च्या हडसनचं, मग १९७० च्या एएमसीचं. त्या नावाला इथल्या लोकांच्या आठवणी चिकटल्यात. २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के आयात शुल्क लागलं तेव्हा तिचं नाव अमेरिकन आहे म्हणून कस्टमने काही सूट दिली नाही. तिचं उत्पादन थांबलं.

स्पॅनर (नाशिक)

मी धागाकर्त्याशी असहमत आहे आणि ते स्पष्टच लिहितो. बिल्ला हा शब्द आहे, दिलेला शब्द. तो बदलून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या सहीने चेक लिहिणं.

ज्यांना हे टोकाचं वाटतं त्यांनी जनरल मोटर्सचा इतिहास वाचावा. १९७७ मध्ये शिकागोकडच्या एका माणसाने ओल्ड्समोबाइल डेल्टा ८८ घेतली. ओल्ड्सचं 'रॉकेट' व्ही-एट हे नावाजलेलं इंजिन, लोक त्यासाठी जास्त पैसे मोजायचे. गाडी कामाला नेली तर ओल्ड्सचे पार्ट बसेनात. बॉनेटखाली शेव्हरोलेचं ३५० इंजिन होतं. प्रकरण कोर्टात गेलं, राज्यं उतरली, ग्राहकांना रोख भरपाई आणि वाढीव वॉरंटी द्यावी लागली. त्यानंतर त्यांच्या जाहिरातींत तळाशी बारीक अक्षरांत लिहावं लागायचं की आमच्या गाड्यांत आमच्याच वेगवेगळ्या विभागांनी बनवलेली इंजिनं असतात.

त्याच कंपनीने सत्तरच्या दशकात एकच गाडी चार दुकानांत विकली. शेव्हरोले नोव्हा, ओल्ड्समोबाइल ओमेगा, पॉन्टिॲक व्हेंचुरा, ब्यूक अपोलो. या नावांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीने लावा, पुन्हा 'नोव्हा' होतं. १९८२ च्या कॅडिलॅक सिमरॉनने तर कळस केला. शेव्हरोले कॅव्हेलियरचंच शरीर, कातडी सीट, कॅडिलॅकचा मुकुट आणि कितीतरी जास्त किंमत. १९८८ पर्यंत चालवली आणि कॅडिलॅकच्या नावाला जो डाग लागला तो पुसायला बरीच वर्षं गेली. ओल्ड्समोबाइल २००४ मध्ये बंद, पॉन्टिॲक २०१० मध्ये, आणि क्रायस्लरकडची प्लिमथ २००१ मध्ये. चार बिल्ल्यांची एकच गाडी असेल तर चार बिल्ले हवेत कशाला, हा प्रश्न ग्राहकाने विचारला आणि उत्तर मिळालं नाही.

घाटमाथा (कोल्हापूर)

स्पॅनर, तुमची सगळी उदाहरणं एकाच देशातली, एकाच मालकाची आहेत. शेजारच्या दोन शोरूममध्ये तीच गाडी दोन भावांना विकली तर चीड येणारच. गाडी देश ओलांडून गेली की गोष्ट बदलते.

फियाट १२४ घ्या. ही गाडी रशियात व्होल्गेच्या काठी गेली आणि १९७० पासून झिगुली म्हणून बनू लागली. ज्या गावात कारखाना उभा राहिला त्याचं नाव तोल्यात्ती, इटालियन कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांच्यावरून. रशियनांनी तिच्यात आठशेच्या वर बदल केले असं सांगतात. मागचे डिस्क ब्रेक काढून ड्रम घातले, कारण चिखल आणि खडी. पत्रा जाड केला. इंजिन वेगळं, वर कॅमशाफ्ट असलेलं. ती गाडी थंडीत, खड्ड्यांत, पार्ट मिळत नसताना चालली. तिच्यावर रशियन बिल्ला लावला तर मी म्हणेन तो त्यांनी कमावला.

आणि याच १२४ च्या घराण्यातली आपली ११८ एनई. १९८५ मध्ये प्रीमियरने आणली, अंग १२४ चं आणि इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं. नावातलं 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. आमच्या घरी ही गाडी होती. आंबोली घाटात धुक्यातून वर चढताना तिसऱ्या गिअरवर ती ज्या समजूतदारपणे ओढायची ते मी विसरलेलो नाही. इटालियन अंग, जपानी दम, कुर्ल्याचे हात. तिला खोटी गाडी म्हणायची माझी तयारी नाही.

कुर्ला_पश्चिम (मुंबई)

घाटमाथा यांना दुजोरा. पण कुर्ल्याची गोष्ट फियाटच्याही आधीची आहे, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली ती क्रायस्लरशी हात मिळवून. पहिल्या गाड्या अमेरिकन. पन्नाशीत कुर्ल्यात तीन नावांच्या मोठ्या गाड्या जोडल्या जायच्या: प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट. मुळात तिन्ही प्लिमथच. क्रायस्लरने बाहेरच्या देशांसाठी प्लिमथलाच डॉजचं नि डिसोटोचं नाक लावलं होतं. म्हणजे अमेरिकन रिबॅज मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीच्या वीस वर्षं आधी फिरत होती.

माझे वडील आधी प्लिमथची टॅक्सी चालवत, नंतर फियाट. ते सांगायचे, अपघातात किंग्जवेचा दरवाजा चेपला की डिप्लोमॅटचा आणून बसवायचे, कडी न् कडी जुळायची. फक्त पुढची जाळी आणि चकचकीत पट्ट्या वेगळ्या. त्यांना यात काही वावगं वाटायचं नाही. ते म्हणायचे, तीन नावं म्हणून तीन ठिकाणी पार्ट मिळतात.

फियाटचंही तसंच. जुनी गोल पाठीची ११०० ती 'डुक्कर फियाट'. हे नाव कुठल्या कंपनीने ठेवलं नव्हतं. मग डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी. २००० च्या सुमारास गाडी बंद झाली तोवर कारखान्याच्या कागदावर ती पंचवीसेक वर्षं 'पद्मिनी' होती, पण टॅक्सीवाल्याच्या तोंडी शेवटपर्यंत 'फियाट'. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. पेपरांनी 'पद्मिनीला निरोप' छापलं. त्या दिवशी आमच्या नाक्यावर चार म्हातारे टॅक्सीवाले बसले होते. एकाच्याही तोंडून पद्मिनी शब्द आला नाही. "फियाट गेली," एवढंच म्हणाले.

जुनी_मोटार, तुमच्या वडिलांची बाजू मला कळते ती यामुळे.

अनामिका_ठाणे

कुर्ला_पश्चिम, डोळ्यांत पाणी आलं. +१

चारचाकी (औरंगाबाद)

ग्राहकाच्या बाजूने थोडं. आता आपल्याकडे बलेनो आणि ग्लान्झा, हायक्रॉस आणि इन्व्हिक्टो अशा जोड्या सर्रास आहेत. लोकांना माहीत असतं आणि ते उघड्या डोळ्यांनी घेतात. जिथे वेटिंग कमी, वॉरंटी जास्त, तिथे जातात. त्यात कमीपणा काही नाही.

मला त्रास झाला तो वेगळ्या ठिकाणी. माझ्याकडे अशाच एका जोडीतली गाडी आहे, नाव लिहीत नाही. एअर फिल्टर बदलायला नेली. सर्व्हिसवाल्याने जो लावला तो मी घरी आणून दुसऱ्या कंपनीच्या डब्यातल्या फिल्टरशेजारी ठेवला. तोच साचा, तीच घडी, खालच्या प्लास्टिकवर तोच आकडा. माझ्या डब्याची किंमत मात्र जास्त. विचारलं तर "तो दुसऱ्या कंपनीचा, तुमच्या गाडीला चालणार नाही, वॉरंटी जाईल." माणूस तोंडावर खोटं बोलत होता आणि फिल्टर माझ्या हातात होता. गाडीच्या नाकावर कुठला बिल्ला आहे याचा मला राग नाही. त्या बिल्ल्याच्या आडून असं उत्तर मिळतं, याचा आहे.

तोरिनोकर (तोरिनो, इटली)

चारचाकी, माझा अनुभव नेमका उलटा आहे. थीमाचे पार्ट मी क्रायस्लर ३०० च्या नावाने शोधतो, मोपारच्या (क्रायस्लरच्या सुट्या पार्टच्या ब्रँडच्या) डब्यात येतात आणि निमूट बसतात. गाडीच्या दोन नावांचा मालकाला फायदा होऊ शकतो, मात्र ते कुणीतरी खरं सांगावं लागतं.

इटलीत मध्यंतरी हा विषय फारच गाजला. २०२४ च्या एप्रिलमध्ये अल्फा रोमिओने नवी छोटी गाडी दाखवली, नाव 'मिलानो'. बनणार पोलंडमध्ये, तिखीला. मंत्री अदोल्फो उर्सो म्हणाले, पोलंडात बनलेल्या गाडीला मिलानो म्हणता येणार नाही, इटालियन असल्याचा भास निर्माण करायला कायद्याने बंदी आहे. चार-पाच दिवसांत गाडीचं नाव 'जुनियर' झालं.

पुढच्याच महिन्यात लिव्होर्नो बंदरात पोलिसांनी १३४ गाड्या अडकवल्या. फियाट तोपोलिनो. मुळात ती सित्रोएन आमी, बनते मोरोक्कोत केनित्राला. दारावर इटलीच्या झेंड्याचं छोटंसं स्टिकर होतं, तेवढ्यावरून. ते स्टिकर काढावं लागलं. ज्या नावाच्या गाड्या एके काळी तोरिनोतून जगभर गेल्या, मला वाटतं कुर्ल्यातही आल्या होत्या, त्या नावाची गाडी इटलीच्याच बंदरात अडकली. आमच्या ऑफिसात त्यावर दोन दिवस भांडणं चालली.

लान्चाची नवी इप्सिलॉनही प्यूजो २०८ च्या पायावर, स्पेनमध्ये झारागोझाला बनते. मी चालवून पाहिली. आतलं कापड, रंगसंगती यावर कुणीतरी मन लावून काम केलंय. म्हणजे फ्लावियाइतकी वाईट गोष्ट नाही ही. पण माझ्या मेकॅनिकला मी ती दाखवलेली नाही.

कुर्ला_पश्चिम, तोपोलिनो कुर्ल्यात जोडली जायची ना? चूभूद्याघ्या.

कुर्ला_पश्चिम (मुंबई)

हो, फियाट ५०० तोपोलिनो. ११०० यायच्या आधी.

स्पॅनर (नाशिक)

घाटमाथा आणि कुर्ला_पश्चिम यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं वाक्य दुरुस्त करतो. देश ओलांडून गेलेली, तिथल्या हातांनी तिथल्या रस्त्यासाठी बदललेली गाडी मी यातून बाहेर काढतो.

पण एक गोष्ट राहिली. दोन नामांकित कंपन्यांनी मिळून केली म्हणून गाडी चांगलीच होते असं नाही. क्रायस्लरचे ली आयकोका आणि माझेरातीचे तेव्हाचे मालक अलेहांद्रो दे तोमासो यांनी मिळून 'टीसी बाय माझेराती' काढली. जोडणी मिलानमध्ये. पाया डॉज डेटोनाचा, आखूड केलेला. गाडी यायला इतका उशीर झाला की तिच्यासारखीच दिसणारी क्रायस्लर लीबॅरन आधीच रस्त्यावर आली होती, कितीतरी स्वस्त. नंतर टीसीला मित्सुबिशीचं व्ही-सिक्स बसवलं. माझेरातीचा त्रिशूळ, अमेरिकन पाया, जपानी इंजिन. १९८९ ते १९९१ मध्ये सुमारे ७,३०० गाड्या, मग बंद.

उलट फियाटची २०१६ ची १२४ स्पायडर. हिरोशिमात माझ्दाच्या कारखान्यात एमएक्स-५ (अमेरिकेत 'मियाटा') बरोबर बनायची, पण इंजिन फियाटचं १.४ टर्बो, पत्रा वेगळा, सस्पेन्शन वेगळं बसवलेलं. अमेरिकेतले गाडीप्रेमी तिला प्रेमाने 'फियाटा' म्हणतात. मुळात ती अल्फा व्हायची होती. फियाट-क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख मार्किओने म्हणाले, अल्फा इटलीतच बनली पाहिजे, म्हणून ती फियाट झाली. हा माणूस बिल्ले फिरवण्यात पटाईत, तरी तिथे थांबला. तोरिनोकरांनी लिहिलेलं जुनियरचं प्रकरण त्यानंतरचं, म्हणून मला ते जास्त लागलं.

एमआयडीसी_दुसरी_पाळी (शिरूर)

स्पॅनर, बिल्ला नुसता गाडीलाच लागतो असं नाही. मी रांजणगावला इंजिन लाइनवर काही वर्षं काढली. १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल. फियाटचं इंजिन. तेच स्विफ्टमध्ये 'डीडीआयएस', टाटाच्या गाडीत 'क्वाड्राजेट', तळेगावच्या शेव्हरोलेत 'स्मार्टेक'. मारुतीवाले आणि शेव्हरोलेवाले परवाना घेऊन आपापल्या कारखान्यात बनवायचे. लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायचे. बीएस-सिक्सचे प्रदूषण नियम आले आणि २०२० मध्ये ते थांबलं.

रांजणगावात फियाट लिनिया बनायची, पुंतो बनायची, त्या फारशा खपल्या नाहीत. आणि बाहेर पुणे-नगर रस्त्यावर बघावं तर दर दुसऱ्या स्विफ्टच्या पोटात आमचंच इंजिन. सुट्टीला गावी गेलो की पाव्हणे म्हणायचे, फियाटमध्ये आहेस, ती तर कुणी घेत नाही. मी त्यांच्याच दारातल्या गाडीचं बॉनेट उघडायचो आणि दाखवायचो. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागायचा. मला मात्र त्या इंजिनचा आवाज झोपेतही ओळखू येईल, थंड असताना सुरुवातीचा तो खडखडाट आणि मग दोन हजारच्या वर टर्बो पकडतो तो क्षण.

नाव कुणाचं का असेना, बनवणाऱ्याला ठाऊक असतं.

बेळगावी

जुनी_मोटार, मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं की. माझ्याकडे १९७३ चीच प्रेसिडेंट आहे, डिकीवरची अक्षरं अजून मूळची. काल त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली, ठसा छान उठलाय. मागून डिकीच्या आतल्या बाजूने पिनांच्या जागाही मोजून खुणा केल्यात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदच पोस्टाने पाठवतो. फोटोवरून माप चुकतं. अक्षरं ओतून घ्यायची असतील तर या ठशावरून साचा होईल.

जुनी_मोटार (पुणे)

बेळगावी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कागद मंगळवारी पोचला.

काल वडील आणि काका दोघांना घेऊन साताऱ्याला गेलो. कागद डिकीवर धरला, काकांनी विजेरी आतून लावली. सगळ्या खुणांतून उजेड आला, एकही भोक चुकलं नाही. बाजारातून आणलेली 'फियाट ११००' ची जुनी पट्टीही लावून बघितली. तिची एक पिन बसते, बाकीच्या पत्र्यावर टेकतात. ती लावायची तर आजोबांच्या गाडीला नवीन भोक पाडावं लागलं असतं. वडिलांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत पिशवीत टाकली. काही बोलले नाहीत.

म्हणजे 'प्रेसिडेंट' ठरलं. साचा कागदावरून करायला दिलाय, पितळेत ओतून वर क्रोम चढवून मिळेल. फियाटची पट्टी मी टाकून देणार नाही. एमआयडीसी_दुसरी_पाळी यांनी जे लिहिलं ते वाचून ती आता बॉनेटच्या आत, बॅटरीशेजारी लावायचं मनात आहे. तिथे आधीचीच एक क्लिप आहे.

तोरिनोकर, जमलं तर तुमच्या मेकॅनिकला या गाडीचा फोटो दाखवा. त्याला ही कुणाची वाटते ते मला खरंच ऐकायचं आहे.

गाडी पडवीतून बाहेर काढायची होती. वडिलांनी किल्ली घेतली, चोक ओढला आणि मला म्हणाले, "चल, गेट उघड. फियाट बाहेर काढू."

स्पॅनर (नाशिक)

अक्षरं बसवताना प्रत्येक पिनेखाली रबरी वॉशर टाका आणि आतून थोडं सीलंट लावा. नाहीतर पावसाळ्यात तिथून पाणी उतरतं आणि डिकीचा पत्रा आतून सडतो. जुन्या फियाटींचा पत्रा तिथूनच जातो.

जुनी_मोटार (पुणे)

वॉशर आणले. बुधवारी बसवतो, फोटो त्याच दिवशी टाकेन.